‘टेनर हॉर्न’ म्हणजे नक्की कोणतं वाद्य? देशोदेशीच्या ब्रास बँडमधली मधली फळी

मधली_फळी

नमस्कार मंडळी,

मी ब्रिटिश धाटणीच्या ब्रास बँडमध्ये, म्हणजे पितळी वाद्यांच्या ताफ्यात, ई-फ्लॅट टेनर हॉर्न हे मधल्या आवाजाचं वाद्य वाजवते. मागच्या तालमीत आमच्या कंडक्टरांनी जर्मन छपाईचा बोहेमियन पोल्कांचा एक संच काढला. पानं वाटताना ‘टेनोरहॉर्न’ १, २, ३ अशी तीन पानं निघाली. हॉर्नवाले आम्ही तिघं, पानंही तीन, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. पहिली ओळ वाजवली आणि सगळा बँड थांबला. कंडक्टरांनी आम्हाला आणि कॉर्नेटवाल्यांना पानावरचा एकच स्वर धरायला लावला. त्यांचा सा लागला, आमचा मध्यम.

आधी वाटलं आम्हीच चुकतोय, मग वाटलं छपाईत घोळ आहे. शेवटी पोल्का बाजूला ठेवून नेहमीचं मार्च घेतलं. घरी येऊन शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की हा घोळ एका वाद्यापुरता नाही. एका देशातल्या ब्रास बँडला सॅक्सोफोन अजिबात चालत नाही, दुसऱ्या देशात त्याच्यावाचून बँड उभा राहत नाही. ‘बॅरिटोन’ तर तीन देशांत तीन वाद्यं आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ती तीन पानं आमच्या बँडमध्ये कुणी वाजवायची? आणि तुमच्यापैकी ज्यांनी वेगवेगळ्या पद्धतींचे बँड वाजवलेत किंवा लक्ष देऊन ऐकलेत, त्यांना तिथे मधल्या आवाजाची वाद्यं कोणती दिसली? कॉर्नेट आणि बासबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. मधल्यांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि माझा सगळा जीव तिथेच अडकलाय.

पानं_लिहिणारा

आधी पानांचं बघू. जर्मन टेनोरहॉर्न हे बी-फ्लॅट वाद्य आहे, म्हणजे पानावर ‘सी’ लिहिला की त्यातून बी-फ्लॅट वाजतो; ई-फ्लॅट वाद्यातून त्याच ‘सी’चा ई-फ्लॅट. त्याची नळी तुमच्या बॅरिटोनइतकी, म्हणजे सुमारे नऊ फूट. तुमचं हॉर्न ई-फ्लॅटमधलं, साडेसहा फुटांच्या आसपास. जर्मनीत तुमच्या वाद्याला आल्टहॉर्न म्हणतात, अमेरिकेत आल्टो हॉर्न. म्हणजे ब्रिटिशांनी ‘टेनर’ हे नाव ज्याला दिलं, त्याच्या खालच्या वाद्याला जर्मनांनी ते दिलं. चूक तुमची नाही आणि छपाईचीही नाही.

पान हातात आल्यावर वाद्याचं नाव वाचायच्या आधी ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण बघायची सवय लावा. रचना बी-फ्लॅट मेजरमध्ये असेल तर बी-फ्लॅट वाद्याच्या पानावर एकही खूण नसते आणि ई-फ्लॅट वाद्याच्या पानावर एक शार्प असतो. रचनेचा स्वर कुठलाही असला तरी हे अंतर बदलत नाही: ई-फ्लॅटच्या पानावर कॉर्नेटच्या पानापेक्षा एक शार्प जास्त, नाहीतर एक फ्लॅट कमी. तुमच्या ‘टेनोरहॉर्न’च्या पानावर आणि कॉर्नेटच्या पानावर खूण सारखीच असणार. दोन पानं शेजारी धरली असती तर वाजवायच्या आधीच कळलं असतं.

जर्मन छपाईत आणखी एक गोष्ट फसवते. तिथे नुसतं ‘बी’ लिहिलं असेल तर ते बी-फ्लॅट. बी नॅचरलला ते ‘एच’ म्हणतात आणि ई-फ्लॅटला ‘एस’. त्याच संचात ‘हॉर्न इन एस’ अशी पानं असतील. नीट शोधा, ती तुमची. टेनोरहॉर्न १ युफोनियमला द्या, २ आणि ३ दोन बॅरिटोनना.

सरकती_नळी

म्हणजे जर्मन टेनोरहॉर्न आणि ब्रिटिश बॅरिटोन हे एकच वाद्य, फक्त नाव वेगळं?

रोटरीवाला

लांबी एक, वाद्य एक नाही. मी दोन्ही वाजवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रिटिश बॅरिटोनची नळी बारीक असते आणि बराच भाग सरळ, एकाच व्यासाचा. आवाज त्यामुळे आटोपशीर, थोडासा ट्रोम्बोनकडे झुकणारा. जर्मन टेनोरहॉर्न हळूहळू पण सतत रुंदावत जातं आणि बहुतेक वेळा अंडाकृती वळवलेलं असतं. मांडीवर घेऊन बसलं की भोंगा खांद्याशी येतो. स्वर बदलायला बोटांखाली वर-खाली सरकणाऱ्या पिस्टनऐवजी गोल फिरणारे रोटरी व्हॉल्व्ह. त्याचा आवाज गोल आणि गाता असतो. त्याच्याहून जाड नळीचं ‘बारिटोन’ हे जर्मन नाव ज्या वाद्याला आहे, ते तुमच्या युफोनियमच्या जवळचं. म्हणून जर्मन संचातलं ‘बारिटोन’चं पान बघून ते ब्रिटिश बॅरिटोनला दिलंत तर सूर बरोबर लागेल, पण आवाज अंगात भरणार नाही. ते पान दुसऱ्या युफोनियमचं.

बोहेमियन पद्धतीत या दोघांचं काम फार मोठं आहे. वर फ्लूगलहॉर्नची (कॉर्नेटसारखंच, पण मऊ आवाजाचं वाद्य) जोडी चाल गाते आणि खाली टेनोरहॉर्न आणि बारिटोन तिला उत्तर देतात, कधी तीच चाल सप्तकभर खालून गातात, कधी मधल्या रिकाम्या जागा भरतात. ट्रम्पेट असतात, पण चाल मुख्यतः त्यांच्याकडे नसते. ते टोक लावतात. क्लॅरिनेटही असतात. ठेक्याचं काम ट्यूबा आणि हॉर्न वाटून घेतात: ट्यूबाचा ‘ठुम’ मात्रेवर, हॉर्नचा ‘चक’ दोन मात्रांच्या मध्ये. ताई, तुमच्या तिघांच्या वाट्याला तो ‘चक’ येईल. कंटाळवाणा समजू नका. तो थोडा जरी मागे पडला तरी पोल्का चिखलात रुततो.

रोटरी आणि पिस्टन ही निवड तशी जुनीच. व्हॉल्व्हचं पहिलं पेटंट १८१८ साली बर्लिनमध्ये श्टोल्त्सेल आणि ब्लूमेल यांनी घेतलं. पुढे व्हिएन्नात योझेफ रीडलनं रोटरीला १८३५ च्या सुमारास रूप दिलं आणि पॅरिसमध्ये पेरिनेनं त्याच दशकाच्या शेवटी आजचा पिस्टन आणला. व्हिएन्नाच्या छायेतल्या मुलखानं रोटरी घेतला, पॅरिसकडे बघणाऱ्यांनी आणि ब्रिटनने पिस्टन. आज कुठल्याही बँडचं छायाचित्र दाखवा, बोटांखालची यंत्रणा बघून मी तो कुठल्या परंपरेतला ते बहुतेक वेळा सांगू शकतो.

ई_फ्लॅट_बास

धागा छान आहे. ब्रिटिश मांडणीची बाजू मी मांडते, कारण ती जगभर पसरली आणि पुष्कळांना वाटतं की ब्रास बँड म्हणजे तेवढंच.

पंचवीस पितळी वाद्यं आणि तालवाद्यवाले. एक ई-फ्लॅट सोप्रानो कॉर्नेट. बी-फ्लॅट कॉर्नेट नऊ: चार सोलो, एक रिपियानो, दोन सेकंड, दोन थर्ड. एक फ्लूगल (म्हणजे फ्लूगलहॉर्न), तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रोम्बोन, आणि बास चार, त्यातले दोन ई-फ्लॅट आणि दोन बी-फ्लॅट. ट्रम्पेट नाही, फ्रेंच हॉर्न नाही, लाकडी वाद्य एकही नाही. तीन ट्रोम्बोन सोडले तर सगळी वाद्यं रुंदावत जाणाऱ्या नळीच्या घराण्यातली, म्हणून आवाज एकमेकांत विरघळतो. माझ्या मते या मांडणीचं खरं सौंदर्य पंधराव्या मिनिटाला कळतं, जेव्हा कान कॉर्नेटला सोडून हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम अशा उतरणीवर स्थिरावतो आणि एक वाद्य कुठे संपलं, दुसरं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही.

दुसरं वैशिष्ट्य लिखाणाचं. बास ट्रोम्बोन सोडून सगळे ट्रेबल क्लेफ, म्हणजे एरवी उंच स्वरांसाठी वापरायची लिपी, वाचतात; खालच्या स्वरांची ती बास क्लेफ. मी बास वाजवते आणि माझं पान ट्रेबल क्लेफमध्ये असतं! पण याच्यामागे मोठं शहाणपण आहे. हे बँड कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या कामगारांचे होते. थर्ड कॉर्नेटवाला उद्या बासवर गेला तरी पान तेच, बोटं तीच, फक्त ओठ आणि श्वास बदलायचा. संगीत वाचायला एकदाच शिकायचं. मी स्वतः कॉर्नेटवर सुरुवात केली, मग हॉर्न, मग बास. एकदाही नव्यानं वाचायला शिकावं लागलं नाही.

बास ट्रोम्बोन तेवढा वेगळा राहिला, कारण ब्रिटनमध्ये तो पूर्वी जी स्वराचा असायचा. नळी इतकी लांब की सरकवायला तिला मूठ लावलेली असे. आज तो बी-फ्लॅट-एफ झालाय, पण बास क्लेफ वाचायची रीत टिकली.

तिसरा_कॉर्नेट

पंचवीसच का, सव्वीस का नाहीत?

ई_फ्लॅट_बास

स्पर्धा. दुसरं उत्तर नाही.

सुरुवातीला असं काही ठरलेलं नव्हतं. वेल्समधल्या मर्थर टिडफिलला लोखंडाच्या कारखान्याच्या मालकानं, रॉबर्ट थॉम्प्सन क्रॉशेनं, १८३८ साली सिफार्थफा बँड उभा केला. त्याची हस्तलिखित पानं टिकून आहेत आणि त्यात किल्ल्यांचा ब्यूगल आणि ऑफिक्लाइड दिसतात. ऑफिक्लाइड म्हणजे पितळी नळीला सॅक्सोफोनसारख्या झडपा लावलेलं बासचं वाद्य. ज्याच्याकडे जे होतं ते घेऊन बँड बसत.

मग १८४० च्या दशकात अडोल्फ सॅक्सनं पॅरिसमध्ये सॅक्सहॉर्नचं कुटुंब आणलं, वरपासून खालपर्यंत एकाच घडणीचं. डिस्टिन या वादकांच्या कुटुंबानं ते ब्रिटनभर वाजवून दाखवलं. १८५३ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत मोठी स्पर्धा झाली आणि जिंकला तो ‘मॉसली टेम्परन्स सॅक्सहॉर्न बँड’. नावातच सगळं आलं. जिंकणाऱ्याची वाद्यं सगळ्यांना हवी असतात. पुढे एकच रचना सगळ्या बँडना द्यायची तर वाद्यांची संख्या सारखी हवी, म्हणून नियम आले आणि आकडा गोठला. तालवाद्यांना तर गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्पर्धेच्या मंचावर जागाच नव्हती. इंग्रज संगीतकार एल्गारनं १९३० च्या स्पर्धेसाठी ‘सेव्हर्न स्वीट’ लिहिलं, ते ढोलाशिवाय.

तिसरा_कॉर्नेट

मग मला हे नुकसान वाटतं. प्रत्येक गावाचा आवाज वेगळा असेल आणि नियमानं तो एकसारखा केला असेल तर मिळवलं काय?

पानं_लिहिणारा

मिळवलं संगीत. मी रचना लिहितो तेव्हा मला ठाऊक असतं की ब्रिटनमध्ये, नॉर्वेत, स्वित्झर्लंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये तेच पंचवीस जण बसलेत. नॉर्वेचा आयकांगर-ब्योर्सविक बँड १९८८ आणि १९८९ साली युरोपचा विजेता झाला तो ब्रिटिशांच्याच मांडणीत वाजवून. मांडणी एक नसती तर त्या देशांत एकमेकांची पानं फिरलीच नसती. तुमचं दुःख मला कळतं, पण गोठलेल्या आकड्यानंच या वाद्यांना स्वतःचं साहित्य दिलं. त्याआधी बहुतेक ऑपेराच्या रूपांतरांवर भागत होतं.

रोटरीवाला

मला तिसऱ्या कॉर्नेटचं म्हणणं अर्धं पटतं. न्यू ऑर्लिअन्सकडे बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बँडमध्ये आल्टो हॉर्न आणि बॅरिटोन हॉर्न होते, म्हणजे मधली फळी पितळीच होती. नंतर सॅक्सोफोन आले आणि त्यांनी ती जागा घेतली. नियम करणारं कुणी नव्हतं. वाजवणाऱ्यांना मोकळं, बोलल्यासारखं वाजवायचं होतं आणि सॅक्सोफोन त्या कामाला जास्त वाकतो. आज तिथे ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोन, सूझाफोन (अंगाभोवती घ्यायचा ट्यूबा), आणि ढोल दोन माणसांत वाटलेला: एकाकडे स्नेअर, दुसऱ्याकडे बास ड्रम, ज्याच्या डोक्यावर झांज बसवलेली असते. आठ-दहा जण पुरतात. नेमलेली जागा नाही, नेमलेला आकडा नाही, तरी दोन मात्रा ऐकून ओळखता येतो.

कर्णा

मी इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं. मूळ प्रश्न मधल्या आवाजाचा होता म्हणून तीन बँड सांगते. या तिघांत ब्रिटिश टेनर हॉर्नच्या नात्यातली वाद्यं काय काय करतात ते ऐकण्यासारखं आहे.

पहिला मेक्सिकोच्या सिनालोआचा. तिथल्या ‘बांदा’त क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सूझाफोन, तांबोरा नावाचा मोठा ढोल आणि तारोला नावाचा लहान. यांच्या मध्ये ‘चार्चेता’ असतात. चार्चेता म्हणजे ई-फ्लॅट आल्टो हॉर्नच, तुमच्या टेनर हॉर्नची चुलत बहीण. ती जवळजवळ सगळा वेळ मात्रेच्या मधला ठोका देते. सूझाफोन खाली मोकळेपणानं फिरतो, वर क्लॅरिनेट थरथरतात, आणि त्या दोघांना एकत्र शिवून ठेवणारा टाका चार्चेताचा. एकदा तीच ऐकायची असं ठरवून ऐका.

दुसरा सर्बियाचा. गुचाला १९६१ पासून त्यांचा मेळा भरतो. त्याला ‘ट्रम्पेटचा मेळा’ म्हणतात खरं, पण चाल वाजवणाऱ्यांच्या हातात बहुतेक फ्लूगलहॉर्न असतात, रोटरी व्हॉल्व्हची. मधे तीन-चार टेनोरहॉर्न, खाली अंगाभोवती गुंडाळलेला हेलिकॉन हा ट्यूबाचा प्रकार, आणि ढोल. टेनोरहॉर्न इथे ताल धरतात, पण पोल्कासारखा सरळ नाही. नऊ मात्रांचा ताल दोन-दोन-दोन-तीन असा तुटतो आणि टेनोरहॉर्न नेमक्या त्या तुटण्यावर बोट ठेवतात.

तिसरा नेदरलँड्स आणि बेल्जियमचा ‘फानफार’. ब्रिटिश मंडळींना हा ऐकून धक्का बसतो. चालीचं मुख्य काम कॉर्नेटकडे नाही, फ्लूगलहॉर्नच्या मोठ्या ताफ्याकडे असतं, ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिनसारखं. सोबत ट्रम्पेट, हॉर्न, ट्रोम्बोन, बास आणि सॅक्सोफोनचं पूर्ण कुटुंब. क्लॅरिनेट आणि बासरी मात्र नाहीत. आवाज मखमली आणि रुंद, टोक कुठेही बोचत नाही. नेदरलँड्समधल्या केर्कराडला १९५१ पासून जागतिक स्पर्धा होते, तिथे फानफारचा वेगळा विभाग असतो.

नावांचा गोंधळ इथेही आहे. डच लोक फ्लूगलहॉर्नला ‘बुगेल’ म्हणतात, फ्रेंच ‘ब्यूगल’. इंग्रजीतला ब्यूगल म्हणजे व्हॉल्व्ह नसलेला इशाऱ्याचा कर्णा. डच यादीत बारा बुगेल बघून कुणी छावणीतले बारा कर्णे बोलावले तर पंचाईत होईल. इटलीत याच घराण्याला ‘फ्लिकोर्नो’ म्हणतात, आणि तिथे नाव आवाजावरून पडतं: सोप्रानो, कोंत्राल्तो, तेनोरे, बारितोनो, बासो. मला तीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. कॅटलोनियात गेलात तर ‘फिस्कोर्न’ हे त्याच नावाचं भावंड भेटेल, पण ते खालच्या आवाजाचं. सार्दाना या तिथल्या नाचाला साथ देणाऱ्या अकरा जणांच्या ताफ्यात, कोब्लात, दोन असतात.

सरकती_नळी

कर्णा, फार सुंदर लिहिलंत. सिनालोआचं वाचल्यावर रेकॉर्डिंग काढून फक्त चार्चेता ऐकली. याआधी तो आवाज तिथे आहे हेच जाणवलं नव्हतं.

ट्रोम्बोनवाला म्हणून एक भर घालतो. जर्मन प्रोटेस्टंट चर्चमधल्या ‘पोझाउनेनकोर’चा शब्दशः अर्थ ट्रोम्बोनांचा चमू, पण त्यात ट्रम्पेट, फ्लूगल, हॉर्न, ट्यूबा सगळे बसतात. चार आवाजांची भजनं वाजवायची, तीही गायकांच्याच पानावरून, म्हणून सगळे जण खऱ्या स्वरात वाचतात, म्हणजे पानावर ‘सी’ असला की सीच वाजवतात. बी-फ्लॅट ट्रम्पेट वाजवणारं पोर ‘सी’ बघून पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह दाबतं... नाही, चुकलो. पहिला आणि तिसरा खालच्या सीला. त्याच्या वरच्या सप्तकातल्या सीला नुसता पहिला. मुद्दा हा की त्याची बोटं तुमच्या कॉर्नेटवाल्यापेक्षा वेगळी शिकलेली असतात. तो तुमच्या बँडमध्ये आला तर वाद्य ओळखीचं, पान अनोळखी.

पानं_लिहिणारा

दुरुस्ती हवी होती का याची? सरळच बघू. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर खरा ‘सी’ हवा तर त्याच्या स्वतःच्या लिखाणात तो ‘डी’. ओळींच्या खालचा डी पहिल्या-तिसऱ्यानं येतो, चौथ्या ओळीवरचा पहिल्यानं. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडच्या छपाईत याहून अवघड प्रकार भेटतो: बी-फ्लॅटमध्ये लिहिलेला बास क्लेफ. पान दिसतं ट्यूबाचं, पण लिहिलेला सी म्हणजे बी-फ्लॅट. तिथले प्रकाशक म्हणूनच एकाच भागाची तीन-चार रूपं देतात. संच उघडला की आपल्याला नको ती पानं आधी बाजूला काढा, नाहीतर तालमीत वाटली जातात.

तिसरा_कॉर्नेट

आमचा बँड चौदा जणांचा. पंचवीस कुठून आणायचे? अशा लहान बँडसाठी कुठल्या देशाची मांडणी घ्यावी?

रोटरीवाला

फिनलंडची. ‘तोर्विसेइत्सिक्को’, सात पितळी वाद्यांचा संच: एक ई-फ्लॅट कॉर्नेट, दोन बी-फ्लॅट कॉर्नेट, एक ई-फ्लॅट आल्टो, एक टेनर, एक बॅरिटोन, एक ट्यूबा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे ही मांडणी रुजली आणि तिथल्याच तरुण सिबेलिउस या संगीतकारानं तिच्यासाठी लिहिलं. शेजारच्या स्वीडनमध्ये सहा जणांचा संच होता. तुमच्या चौदांत असे दोन संच बसतात, किंवा प्रत्येक भागाला दोन जण.

मोठी मांडणी तोडून लहान केली की भोकं ऐकू येतात. सातांसाठीच लिहिलेल्या रचनेत प्रत्येक आवाजाला स्वतःचं काम असतं.

ई_फ्लॅट_बास

याला जोड साल्व्हेशन आर्मीची. त्यांचा पहिला बँड १८७८ साली सॉल्झबरीत एक बाप आणि तीन मुलगे अशा चौघांचा होता. त्यामुळे लहान बँडसाठी लिहायची त्यांची परंपरा पक्की. एखादा भाग रिकामा असेल तर त्याचे महत्त्वाचे स्वर शेजारच्या भागात छापलेले असतात.

एक इशारा. जुनी ब्रिटिश वाद्यं हाती लागली तर स्वर तपासा. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथले बँड ४४० हर्ट्झऐवजी ४५२ च्या आसपासच्या चढ्या ‘ए’ स्वराला जुळवून वाजवत. सरकवायची नळी पूर्ण बाहेर काढूनही असं वाद्य आजच्या बँडशी जुळत नाही, आणि ओढून जुळवलं तर व्हॉल्व्हचे स्वर आपापसांत बिनसतात.

कर्णा

भोंग्याच्या दिशेवरही दोन शब्द लिहिते. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात खांद्यावरून मागे तोंड असलेली सॅक्सहॉर्न होती. बँड पुढे चालायचा, सैनिक मागून, म्हणून आवाज मागे फेकायचा. १८९३ मधला पहिला सूझाफोन आवाज वर फेकायचा. पुढच्या तोंडाचे नंतर आले. ब्रिटिश हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, बास यांचे भोंगे वर, म्हणून आवाज छतावर जाऊन मिसळून खाली येतो. मधली_फळी ताई, मोकळ्या मैदानात तुम्ही कुणालाच ऐकू येत नसाल, त्याचं कारण हेच. कॉर्नेट आणि ट्रोम्बोन समोर, तुम्ही आकाशाकडे.

मधली_फळी

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मला काय म्हणावं कळत नाही. आज तालीम झाली, म्हणून सांगायला आले.

संच पुन्हा उघडला. ‘हॉर्न इन एस’ची पानं होती, तीन, पाकिटाच्या तळाशी. कॉर्नेटचं पान शेजारी धरलं: त्यांच्याकडे एक फ्लॅट, आमच्याकडे काहीच नाही. म्हणजे आमचीच. टेनोरहॉर्न १ आधी बॅरिटोननं वाजवून बघितलं, रोटरीवाल्यांनी सांगितलं होतं तसंच झालं, सूर बरोबर पण अंग नाही. मग युफोनियमला दिलं. दुसऱ्या भागात फ्लूगल आणि युफोनियम एकमेकांशी बोलायला लागले तेव्हा कंडक्टरांनी हात थांबवला, पण बँड थांबवला नाही. फक्त ऐकत उभे राहिले.

आम्ही तिघं पूर्ण वेळ ‘चक’ देत होतो. दोन मात्रांच्या मधल्या त्या जागेत इतकं काम असतं हे मला माहीत नव्हतं. पहिल्या फेरीत आम्ही मागे होतो आणि खरंच रुतलं. दुसऱ्या फेरीत बासच्या शेजारी खुर्च्या नेऊन बसलो, त्यांचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ, आणि बसलं.

एक अडचण उरली. आमच्याकडे फ्लूगल एकच आणि संचात दोन आहेत. दुसरं पान मी रिपियानो कॉर्नेटला दिलंय, पण जोडी ऐकताना एक आवाज टोकदार लागतो. रोटरीवाले, कॉर्नेटला खोल माउथपीस लावून भागेल, की दुसरं पान हॉर्नसाठी उतरवून घेऊ?

रोटरीवाला

उतरवू नका, हॉर्नचा ‘चक’ कमी होईल. खोल माउथपीस लावा आणि त्या कॉर्नेटवाल्याला फ्लूगलच्या उजव्या हाताला बसवा, भोंगा पानाच्या स्टँडकडे खाली वळवून. पुढच्या तालमीनंतर कळवा.